खांबातली अंजनीमाय

आमच्या गावात बिजली आली, पण कुणाच्या घरात आली नाही. आर्वीच्या रस्त्याने लोखंडी खांबांची रांग चालत आली, आटाचक्कीपाशी थांबली, आणि जाता जाता चावडीपुढच्या खांबावर एक लट्टू टांगून मोकळी झाली. तेवढा उजेड सगळ्या गावाने वाटून घ्यायचा. आमचा मुलूख तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, आणि मुंबईकडून आम्हाला पोचलेली पहिली वस्तू म्हणजे हा लट्टू, असं लोक म्हणत. माझ्या सासूबाईंना तो बिलकुल पसंत नव्हता. त्याच्या उजेडात चांगला धडधाकट माणूस आजारी दिसतो, असं त्यांचं मत होतं. आणि त्यांचं मत एकदा झालं की झालं.

मी वर्ध्याची. रेल्वेच्या रुळांपलीकडे आमचं भाड्याचं घर होतं आणि त्यात वीज होती. बाबा विजेला फार भ्यायचे. बाराखडीच्या आधी त्यांनी आम्हा पोरींकडून विजेचे नियम पाठ करून घेतले होते. ओल्या हाताने बटनाला शिवायचं नाही. अनवाणी उभं राहून तर मुळीच नाही, पायाखाली लाकडी पाट घ्यायचा. आणि कुणी चिकटलंच तर त्याला हात लावायचा नाही, कोरड्या काठीने हाणायचं. एकदा शेजारच्या काकू ओलं लुगडं वाळत घालायला गेल्या. घरमालक असा दिवटा, की त्याने कपड्यांची तार विजेच्या खांबालाच बांधलेली. काकू तारेला चिकटल्या. बाबांनी दाराआडची काठी घेऊन त्यांच्या मनगटावर असा तडाखा दिला की बाई सुटून खाली बसल्या. संध्याकाळी त्यांचा नवरा भांडायला आला, माझ्या बायकोवर हात उगारलाच कसा म्हणून. जीव वाचवणाऱ्याला आधी शिव्या खाव्या लागतात, हे मी तिथेच शिकले.

अशी शिकूनसवरून मी आर्वी तालुक्यातल्या या गावी सून म्हणून आले. सासरी भाजीची वाडी होती. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं पिकवायचं आणि शनिवारी बैलबंडीत घालून आर्वीच्या बाजारात न्यायचं. सासरे नव्हते. नवरा गरीब स्वभावाचा, म्हणजे आईसमोर गरीब. घरचा सगळा कारभार सासूबाईंच्या हातात. मी त्यांना रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणायची, त्या मला वर्धेवाली म्हणायच्या. सांभाराची जुडी किती जाड बांधायची इथपासून आमचं भांडण सुरू व्हायचं. एकदा माझ्या हातून गरम गंज, म्हणजे भाजीचं पातेलं, पाटावर ठेवलं गेलं आणि पाटाला मोठा काळा डाग पडला. तो पाट त्यांनी पुढे कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. पाहुण्याला चहा नंतर, पाट आधी.

आमच्या लग्नाला काही वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्यावरून मात्र त्या मला कधी बोलल्या नाहीत. इतर कोणत्याही गोष्टीवरून बोलायच्या, एवढी एक सोडून. त्याचं मोल मला तेव्हा कळलं नाही.

आता मूळ गोष्टीवर येते. बिजली आल्यावरचा तो पहिला उन्हाळा. चावडीजवळच्या चिंचेवर वानरांचा कळप उतरला होता. आमच्याकडे वानर म्हणजे पाहुणा. कौलं फोडली तरी लोक हात जोडून 'जा बापा' म्हणतात, दगड मारत नाहीत. त्या कळपातली एक वानरीण, पोटाला पिल्लू चिकटलेलं, चिंचेवरून सरळ त्या लट्टूच्या खांबावर उडी मारून बसली. एक हात लोखंडावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने तार धरली. फाडकन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या, तिकडे चक्की बंद पडली, आणि वानरीण खाली आली ती गेलेलीच. पिल्लू मात्र बाजूला पडलं. थोडा वेळ आईकडे बघत बसलं, मग उठून आपल्या पायांनी चिंचेवर चढलं. तिथे दुसऱ्या एका वानरिणीने त्याला पोटाशी ओढून घेतलं. मी पाण्याची गुंडी घेऊन तिथेच उभी होते. मला रडू आवरेना.

वानर मेलं की आमच्याकडे त्याला माणसासारखं पोचवतात. भजनी मंडळ आलं, टाळ-मृदंग आले, गुलाल उधळला. देह जिथे पडला तिथेच, खांबाच्या बुडाशी, तिला मूठमाती दिली. वर छोटा ओटा बांधला आणि शेंदूर लावला. पुरुष म्हणाले, मारुतीचं ठाणं झालं. पण आमच्या सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मारुती कुठला, ही बाई होती, ही मारुतीची माय अंजनी. स्वतः गेली पण पोराला ओरखडा येऊ दिला नाही. यावर कोण काय बोलणार? त्या दिवसापासून तिचं नाव अंजनीमाय पडलं. पुरुषांनी त्यातून अंग काढून घेतलं आणि देव बायकांच्या वाट्याला आला. लेकरं हवी असलेल्या, लेकरं आजारी असलेल्या, सगळ्या तिथे जाऊ लागल्या. ओटा इतका लहान की शेंदूर ओट्यावर मावेना, तो खांबावर चढत गेला. पाहता पाहता खांब कमरेपर्यंत शेंदरी झाला. आता ओटा देव की खांब देव, हे कुणी विचारत नव्हतं.

आर्वीहून लाइनमन आला आणि त्याने चक्की सुरू करून दिली. वर बघून तो म्हणाला की तार ज्या पांढऱ्या चिनी मातीच्या कपावर बसते तो तडकला आहे, नवा मागवावा लागेल, तोवर खांबापासून लांब राहा. जाताना त्याने खांबाला एक पत्रा ठोकला. त्यावर माणसाची कवटी आणि खाली दोन हाडं. दुसऱ्या दिवशी बायकांनी कवटीला कुंकू लावलं आणि हार घातला.

पाऊस सुरू झाला तशी देवी जागी झाली. एक शेजारीण सकाळी तांब्याभर पाणी घालायला गेली, खांबाला हात टेकला, आणि हातातून कोपरापर्यंत मुंग्या निघाल्या. ती बोंबलत घरी गेली नाही, बोंबलत गावभर गेली. दुपारपर्यंत रांग लागली. ज्या बाईला हात लावताच झिणझिण व्हायचं तिची भक्ती खरी. जिला होत नव्हतं तिची काहीतरी भानगड. पाटलाची सून चप्पल घालून आली होती, तिला काहीच झालं नाही. बिचारीच्या चारित्र्यावर चार दिवस चर्चा झाली. ती रडून रडून अर्धी झाली. आमच्या सासूबाईंना मात्र पहिल्याच हाताला खांद्यापर्यंत झटका बसला आणि त्यांची गावातली पत एकदम वाढली. गुडघे दुखायचे थांबले असंही त्या सांगू लागल्या.

मला कळत होतं हे काय आहे. तडकलेल्या कपातून पावसाचं पाणी झिरपतं आणि त्या पाण्यातून करंट खांबात उतरतो. आज मुंग्या येतात. एखाद्या दिवशी धोधो पावसात, एखादी बाई नखशिखांत भिजलेली, आणि मुंग्या येण्याआधीच सगळं संपलेलं असेल.

मी घरी सांगून पाहिलं. सरळ सांगितलं, हा देव नाही, करंट आहे. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्ध्याहून नाही, विलायतेहून आले आहे. मग मी दुसरा रस्ता धरला. म्हटलं, मारुती ब्रह्मचारी, बायकांनी त्याला शिवू नये हे तर तुम्हीच शिकवता. त्यावर उत्तर तयारच होतं, ही मारुती नाही, त्याची माय आहे, मायला काय सोवळं? मग मी प्रयोग करून दाखवायचं ठरवलं. पाटलाच्या सुनेला घेऊन गेले. तिला म्हटलं, चप्पल घालून लाव हात. मुंग्या नाहीत. आता चप्पल काढून नुसतं बोट लाव. टुणकन उडालीच बाई. मला वाटलं, जिंकले. चप्पल आड आली की करंट अडतो, हे गावाने डोळ्यांनी पाहिलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "चप्पल घालून देव भेटते का वं? मी सांगतच होतो." गावातल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून तिथे चप्पल घालून जाणं बंद झालं. म्हणजे माझ्या प्रयोगाने जी एक-दोघींच्या पायात रबराची राखण होती तीही काढून टाकली. कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे माझ्या हातात काही उरलं नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मायले कोण सांगन, आणि वाडीत निघून गेला. त्या दिवशी वाडीला पाणी द्यायची काही गरज नव्हती, वरून पाऊस चालू होता.

लाइनमन मध्येच एकदा येऊन गेला. कप अजून आलेला नव्हता. त्याने रबरी हातमोजे आणि रबरी बूट घालून खांबाला नमस्कार केला, कारण देवाला तोही भिऊनच होता. त्याला काही झिणझिण झालं नाही. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. याची भक्ती किती ते कळलंच, आता याचं बोलणं कशाला ऐकायचं?

श्रावण लागला आणि मला सकाळी मळमळू लागलं. आधी वाटलं पाण्याने झालं असेल. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं, चुलीवरचं भाजीचं गंज खाली उतरवलं, आणि बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं, तर धूर गेला म्हणाल्या. चूल विझलेली होती.

मग त्यांनी सांगितलं. पावसाच्या सुरुवातीला त्यांनी अंजनीमायला नवस बोलला होता. सुनेच्या पोटी लेकरू येऊ दे, मी त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी विहिरीवर डोक्यावरून पाणी घेईन, ओलेत्याने तुझ्या प्रदक्षिणा घालीन आणि तुला कवटाळून कपाळ टेकवीन. प्रदक्षिणा पायांनी, मिठी दोन्ही हातांनी, कपाळ लोखंडावर. माझ्या बाबांनी सांगितलेले सगळे नियम एकाच वेळी मोडायचे असतील तर याहून चांगली रीत कुणाला सुचली नसती.

मी हातापाया पडले. म्हटलं, लांबून करा, कोरड्या लुगड्याने करा, मी तुमच्या वाटच्या प्रदक्षिणा घालते. त्या म्हणाल्या, नवस मी बोलले, फेडणार मी. आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, हळूच म्हणाल्या, "तुह्या लेकराचं हाय वं. उधार ठेवता येत नाई." मला इतका राग आला, इतका राग आला. जन्मभर जिने मला सांभाराच्या जुडीवरून रडवलं, ती बाई आता माझ्याचसाठी मरायला निघाली होती, आणि मला तिच्याशी भांडताही येत नव्हतं.

आमच्या वाडीत निंदायला एक बाई यायची, माझ्याच वयाची. तिच्या घरच्यांनी दोन-एक वर्षांपूर्वी बुद्धाची दीक्षा घेतली होती, आणि देव्हाऱ्यातले देव तिने स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. वांग्याच्या ओळीत बसून मी तिला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. "आमी देव सोडले न बाई, आन् तुमी खांब धरला." माझे डोळे भरून आलेले पाहिले तशी ती गंभीर झाली. खुरपं बाजूला ठेवून म्हणाली की माझा या देवावर विश्वास नाही, पण तुझ्या सासूचा आहे ना? "मंग तुह्या तोंडानं कायले सांगतं? तिच्या देवालेच सांगाले लाव."

मग दोघी एकदमच हसलो.

अंगात येणं हे आमच्याकडे काही नवीन नव्हतं. नवरात्रात अमुक बाईच्या अंगात येतं, लोक तिच्यापुढे लिंबू कापतात, प्रश्न विचारतात, सगळं रीतसर. मी कधी घुमले नव्हते, पण बघितलं भरपूर होतं. केस मोकळे सोडायचे, मान गरगरा फिरवायची, दात खायचे. आणि देवी कशावर बसते? पाटावर. देवीच्या हातात काय असतं? काठी. माझ्या बाबांचे नियम आणि देवीची रीत इतकी सारखी निघाली की मला वाटलं, पहिली देवी कुणीतरी बाबांसारखाच भित्रा माणूस असावा. चुलीवरच्या माळ्यावर वाळत टाकलेले कपडे काढायची वेळूची काठी होती, धुराने खडखडीत कोरडी. तीच घेतली.

शनिवार उजाडला. नवरा भाजी घेऊन आर्वीला गेलेला. पाऊस थांबला होता पण जमीन नुसती चिंब होती. सासूबाई विहिरीवर गेल्या आणि मी मागच्या दाराने पाट काखेत मारून चावडीकडे पळाले. बायका ताटं घेऊन जमलेल्याच होत्या. मी खांबाच्या अलीकडे, सासूबाई जिकडून येणार त्या वाटेवर पाट टाकला, त्यावर उभी राहिले, केस सोडले आणि घुमायला लागले.

सुरुवात जरा कच्ची झाली. मान फिरवताना मळमळ वर आली आणि मी थोडी थांबले. पण बायकांना वाटलं देवी विचार करते आहे. ताटं खाली ठेवून सगळ्या हात जोडून बसल्या. एका म्हातारीने विचारलं, माय, काही चुकलं का? मी काठी जमिनीवर आपटली आणि जितका जाड आवाज काढता येईल तितका काढला. "मले शिवू नोका! माह्या आंगात आग हाय. जो हात लावन तो जळन. लांबून पाया पडा!" आणि मग, एकदा सुरू झालेच आहे तर पूर्णच सांगावं म्हणून, पाणी घालू नका, तार धरू नका, पोरांना खांबाला ताणून धरणाऱ्या तारेवर झोके घेऊ देऊ नका, शेळी खांबाला बांधू नका, हेही सांगून टाकलं. अंजनीमायला शेळ्यांची इतकी बारीक माहिती कुठून, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाटलाच्या सुनेने तर जागच्या जागी नाक घासलं. माझं मन म्हणालं, शाबास गं पोरी.

तेवढ्यात सासूबाई आल्या. डोक्यापासून पायापर्यंत निथळत होत्या, नऊवारी अंगाला चिकटलेलं, पावलापावलाला चिखलात ओली खूण. हातात हळदीकुंकू. बायकांनी त्यांना घाईघाईने सांगितलं की माय अंगात आली आहे, शिवू नका म्हणते. सासूबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली पायांकडे पाहिलं. मी डोळे गरगरा फिरवले आणि तेच पुन्हा म्हटलं, आग हाय, जळशीन.

त्यांनी हात जोडले. "माय, तुही आग मले मान्य हाय. पण बोललेला नवस फेडा लागते. मले काई झालं त होऊ दे. माह्या सुनेचं लेकरू सुखरूप ठेवजो." आणि मला वळसा घालून त्या खांबाकडे चालू लागल्या.

हे माझ्या हिशेबात नव्हतं. देवीने नाही म्हटल्यावरही माणूस पुढे जातो हे मी कुठे पाहिलं नव्हतं. मी काठी आडवी धरली, त्यांनी ती हाताने बाजूला सारली. खांब तिथेच होता, शेंदरी, ओला, वरून थेंब गळत होते. त्यांचा हात वर जाऊ लागला. आणि माझी देवी कुठे गेली, जाड आवाज कुठे गेला, मला काही कळलं नाही. मी ओरडले, माझ्याच आवाजात, घसा फाडून.

"माय! नोको वं माय! तुले काई झालं त माह्या लेकराले कोन पाहीन?"

त्या थांबल्या. हात तसाच अधांतरी. लुगड्याच्या पदरातून पाणी खाली पडत होतं. मी अजून पाटावरच उभी होते. मला पुढे जाऊन त्यांना ओढायचं होतं आणि बाबा डोक्यात ओरडत होते की हात लावायचा नाही, काठीने हाण. मी काठी उचललीही होती.

सासूबाईंनी हात खाली घेतला. वळल्या, आणि बायकांकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाल्या की मायचा हुकूम झाला आहे, आजपासून कुणी हात लावणार नाही, बोरीचे काटे आणा, कुंपण घाला. नवस त्यांनी तिथेच, लांबून, जमिनीवर डोकं टेकवून फेडला. बायका इकडे वेड्यासारख्या रडत होत्या. साक्षात अंजनीमायने आमच्या सासूला माय म्हटलं, आणि आपलं लेकरू, म्हणजे प्रत्यक्ष मारुती, तिच्या ओटीत घातलं! ही बातमी संध्याकाळच्या आत पंचक्रोशीत गेली. रात्री नवरा आर्वीहून परतला तर वाटेतच दोन माणसांनी त्याच्या बंडीला नमस्कार केला.

मी दोन दिवस सासूबाईंच्या समोर मान वर केली नाही. त्याही काही बोलल्या नाहीत. फक्त पाट जागेवर ठेवताना जरा जोरात ठेवायच्या.

पोळ्याच्या सुमारास तो कप एकदाचा आला. लाइनमनने काट्यांचं कुंपण पाहिलं आणि खूष होऊन म्हणाला, हे कुणाचं शहाणपण? अंजनीमायचं, असं उत्तर मिळालं. त्याने हातमोजे घातले, झोळीतून एक लट्टू काढला. त्याची एक वायर खांबाला टेकवली आणि दुसरी ओल्या जमिनीत खोचली. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, लट्टू लागला. चावडीवरच्या लट्टूसारखा लख्ख नाही, तांबडा, पण लागला. हा इथून जमिनीत जातो आहे, तो म्हणाला, मध्ये माणूस आला तर माणसातून जातो. ज्या ज्या बायकांनी हात लावले होते त्या आपापल्या तळव्यांकडे बघत राहिल्या. सासूबाई ओट्यापासून लांब एका दगडावर बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

घरी आल्यावर त्यांनी चूल पेटवली. मी दाराशी उभी होते. त्यांनी माझ्याकडे न बघताच बोलायला सुरुवात केली. पोटुशी बाई अशी घुमते का? आठ दिवस झोप नाही मला. देवी म्हणे! देवीच्या तोंडून शेळीची गोष्ट निघते का? मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

"पाहताच कळलं वं. पाटावर काया डाग हाय. आपल्या घरचा पाट मले समजत नाई का?"

म्हणजे त्यांना तेव्हाच माहीत होतं. देवी नाही, मी आहे, हे माहीत असून त्या खांबाकडे निघाल्या होत्या. मी म्हटलं, मग माझं ऐकायचं नव्हतं तर शेवटी थांबल्या कशाला?

त्यांनी भाकरी उलटली.

"तू माय म्हटलं," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षात एक डाव तरी म्हटलंतं का?"

त्यांनी भाकरी ताटात टाकली, तो काळ्या डागाचा पाट माझ्याकडे पायाने सरकवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बस आता. आन् उद्यापासून आत्याबाई म्हटलं त पाहून घेजो. माह्या हातातबी काठी हाय."